पद्मिनीचा सडलेला पत्रा: आधी पाणी शोधा, मग कटर चालवा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी नवी घेतलेली, चिपळूणला असते. २२ जुलै २०२१च्या पुरात ती सीटच्या वरपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर धुतली, इंजिन उघडून चालूही केलं, पण तेव्हापासून शेडमध्येच उभी आहे. परवा मॅट उचललीत तर ड्रायव्हरच्या पायाखाली थेट जमीन दिसली. गावातला डेंटर म्हणतो, ‘वरून पत्रा मारतो, खालून डांबर लावतो, चार दिवसांत गाडी घेऊन जा.’ तसं करावं का, आणि सीटा, छत, दारांची आतली पॅनेलं यांचं काय करायचं?

वरून पत्रा मारू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाही, हे पाप मी स्वतः केलंय. धंद्यात नवा होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या फियाटला असाच वरून पत्रा बसवला, कडेने गॅस वेल्डिंग मारलं, डांबर फासलं. दिसायला काम झकास. दोन पावसाळे गेले आणि गाडी परत आली. नवा पत्रा उचकटला तर जुन्या-नव्याच्या मध्ये ओला गंज, इराण्याकडच्या खारीसारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा. दोन पत्र्यांच्या फटीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती आणि डांबराने खालची हवाही बंद केली होती. जुना पत्रा तर गेलाच होता, माझाही गेला. ते काम मी नंतर फुकट करून दिलं. तेव्हापासून सडका पत्रा झाकायचा नाही, कापून काढायचा, हा नियम.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून बनलेली फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ नंतर तिचंच पद्मिनी झालेलं रूप, दोन्ही मोनोकॉक. म्हणजे फ्लोअर, दाराखालच्या दोन्ही पेट्या म्हणजे सिल, पुढचे-मागचे खांब आणि छप्पर मिळूनच गाडीचा सांगाडा. फ्लोअर ही घराची फरशी नव्हे, तुळई आहे. ती सडली की गाडी मधून वाकायला लागते. एक साधी खूण बघा: मागचा दरवाजा वरच्या कोपऱ्यात घासतोय का? बंद करताना थोडा उचलावा लागतो का? लागत असेल तर बिजागरी नंतर बघा, आधी सिल तपासा.

आणि तुमच्या बाबतीत सिल तपासायचं खास कारण आहे. पूर. पाणी ओसरतं, गाळ राहतो. वाशिष्ठी नदीचा तो मऊ, मेणचट गाळ सिलच्या आत, खांबांच्या पायात, पाटा (मागच्या चाकांची लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) जिथे बसतो त्या पेटीत जाऊन बसलेला असणार. वरून कितीही धुतलं तरी तिथे पाइप पोचत नाही. सुकलेला गाळ म्हणजे स्पंज. कोकणातली हवा वर्षातले चार-पाच महिने तशीच दमट, त्यात गावाशेजारच्या गोवळकोटपर्यंत खाडी. तो गाळ दर पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून पत्र्याला पाजत राहतो. तुमच्या ड्रायव्हरच्या पायाखालचं भोक दिसलं म्हणून कळलं. न दिसणारी भोकं आतून तयार होतायत.

म्हणून क्रम असा: आतलं सगळं काढा, पाणी कुठून येतं ते शोधा, पेट्या धुवा, मग किती पत्रा कापायचा ते ठरवा. डेंटरचा नंबर चौथा.

सीटा, मॅट, त्याखालचा नमदा, दारांची पॅनेलं, चौकटीची रबरं, सगळं बाहेर. प्रत्येक स्क्रू कुठला ते चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. आज वाटतं लक्षात राहील, तीन महिन्यांनी राहत नाही. मोबाइलवर फोटो काढा, वायरिंगचे तर दहा काढा. नमदा फेकून द्या, त्याचा मोह नको. पत्र्यावर कारखान्यातून चिकटवलेलं डांबरी आवरण असतं. ते घट्ट बसलंय तिथे गंज नसतो, पण कडेने सुटलंय तिथे खाली पाणी असतंच. पहाटेच्या थंडीत ते कडक होतं, तेव्हा छिन्नीने सटासट निघतं. दुपारी करायला गेलात तर च्युइंगमसारखं हाताला चिकटेल.

आता पाणी. एकाला आत बसवा, हातात टॉर्च. दुसऱ्याने बाहेरून पाइप धरायचा, फवारा नको, नुसती धार, आणि खालून वर चढत जायचं. आधी दाराचा खालचा भाग, मग मध्य, शेवटी काच आणि छप्पर. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच गळतंय असं दिसतं आणि काही कळत नाही. आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर मारून ठेवा, ओघळ कुठून आला ते स्पष्ट उमटतं. जुन्या पद्मिनीत माझा पहिला संशय पुढच्या काचेच्या रबरावर असतो. रबर कडक झालं की खालच्या कोपऱ्यांतून पाणी डॅशबोर्डमागे उतरतं आणि पायापाशी जमतं. तुमचं भोक बरोबर तिथेच आहे. वायपरच्या दांड्या ज्या भोकांतून वर येतात तिथले रबरी वॉशर ही दुसरी जागा. डिकीचं रबर आणि मागच्या दिव्यांची गॅस्केट, इथून आलेलं पाणी स्टेपनीखाली साठतं.

तिसरी जागा दार, आणि ही बहुतेक मेकॅनिकना माहीत नसते. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जातं हे बरोबरच आहे, दार तसंच बनवलेलं असतं. खालच्या कडेला भोकं असतात त्यांतून ते बाहेर पडावं अशी योजना. पण ती भोकं मातीने किंवा कुणीतरी रंग मारताना भरलेल्या पुट्टीने बुजलेली असतात. शिवाय आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा किंवा मेणकागदाचा पडदा असायचा, तो कुणीतरी स्पीकर बसवताना फाडून टाकलेला असतो. मग दारातलं पाणी पॅनेल भिजवून आत पाझरतं. पुट्टी टोकरून भोकं मोकळी करा, जाड प्लॅस्टिकचा पडदा नव्याने चिकटवा. दोनशे रुपयांचं काम आहे, फ्लोअर वाचतं.

पेट्या धुणं कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. सिलच्या खालची निचऱ्याची भोकं स्क्रू ड्रायव्हरने मोकळी करा, वरून मिळेल त्या भोकातून बारीक नळी घालून पाणी सोडा. आधी चहासारखं, मग नितळ. एका पुरातल्या गाडीच्या एका सिलमधून माझ्या पोराने पाऊण बादली गाळ काढला होता, आणि त्यात एक जिवंत खेकडा. मग कॉम्प्रेसरची हवा मारा आणि गाडी कडक उन्हात दारं उघडी टाकून आठवडाभर सोडा. म्हणूनच हे काम दिवाळीनंतर हातात घ्या. मे अखेर डेडलाइन धरा, जूनमध्ये उघडा पत्रा ठेवलात तर चार तासांत त्यावर केशरी साय येते.

सुकल्यावर छोटी हातोडी घ्या आणि सगळं फ्लोअर, सिल, पाट्याच्या हँगरची जागा वाजवत जा. चांगला पत्रा टणकतो, सडका बद् वाजतो. जिथे शंका, तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबा. आत गेला तर खडूने गोल करा. हे निर्दयपणे करायचं. आत्ता हात आखडला तर नंतर वेल्डिंग करताना डेंटरच्या ज्वाळेखाली पत्रा वितळून भोक मोठं होत जातं आणि तो वैतागून त्यात पितळ ओतून भोक बुजवतो.

इथे एकदा थांबून विचार करा. फ्लोअर दोन्ही बाजूंनी गेलंय पण सिल आणि पाट्यांची जागा धड आहे, तर गाडी नक्की करा. सिल गेले आहेत, तरी करता येतात, खर्च वाढतो. पण दोन्ही सिल, मागच्या पाट्यांचे हँगर आणि पुढच्या खांबाचे पाय, तिन्ही गेले असतील तर मी तुम्हाला सरळ सांगेन: चांगला सांगाडा असलेली दुसरी पद्मिनी शोधा. वडिलांची आठवण आहे हे मला समजतं, पण वळणावर दुमडणाऱ्या गाडीत तुम्ही बायका-पोरांना बसवणार आहात.

काम करायचं ठरलं तर डेंटरशी आधी बोलून घ्या, आणि कापायच्या आधी हे करवून घ्या. बॅटरी काढायची, अल्टरनेटर किंवा डायनामोची वायर सोडवायची. पेट्रोलची आणि ब्रेकची नळी फ्लोअरखालून जाते, ती कापायच्या जागेपासून सोडवून बाजूला बांधायची. मागच्या दिव्यांकडे जाणारं वायरिंग कडेने असतं, तेही उचलायचं. एक माणूस नुसता पलीकडच्या बाजूला पाण्याची बादली घेऊन उभा पाहिजे. माझ्याकडे एकदा वेल्डिंगची ठिणगी मागच्या सीटमागच्या काथ्यात जाऊन पडली. कुणाला काही दिसलं नाही, सगळे जेवायला गेले, तासाभराने धूर. तेव्हापासून वेल्डिंगनंतर एक तास गॅरेजमधून कुणी हलत नाही.

गाडी चार स्टँडवर सपाट, वजन चाकांच्या जागी. दारांच्या चौकटीत आडवा एक चौकोनी पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवायचा. मग एकच बाजू कापायची, ती पूर्ण बसवायची, मग दुसरी. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या की गाडी मधून बसते आणि नवा पत्रा वाकलेल्या मापाला कायमचा जोडला जातो. डेंटरला हे पटत नाही असं वाटलं तर त्याला म्हणा, दर टप्प्यावर दार लावून बघू. दार सहज लागतंय तोवर सगळं ठीक. आणखी एक, फारच महत्त्वाचं: चेसिस नंबर ठोकलेला किंवा पट्टी लावलेला भाग कुठे आहे ते आधी बघून ठेवा आणि तिथे कटर लावू देऊ नका. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायला फिटनेसची तपासणी लागते. नंबरच जागेवर नसेल तर तुमच्या सुंदर गाडीची जागा शेडमध्येच.

पत्रा वीस गेजचा घ्या, म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. सीआर म्हणजे कोल्ड रोल्ड, साधा. काही जण अठराचा मारतात, जाड म्हणून टिकेल या समजुतीने. तो वळत नाही आणि कडेचा जुना पत्रा पातळ असल्याने तिथे वेल्डिंग नीट बसत नाही. जस्ताचा, म्हणजे जीआय पत्रा चांगला वाटतो, पण वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. कामगाराच्या जिवाशी खेळ नको. वापरायचाच असेल तर वेल्डिंगच्या कडेवरचं जस्त घासून काढा, आणि काम उघड्यावर करा.

आधी पुठ्ठ्याचा साचा. जुना भाग कापा, सडक्या भागापासून कमीत कमी इंचभर पुढे, जिथे पत्रा चकचकीत पांढरा दिसतो तिथपर्यंत. त्यावर पुठ्ठा ठेवून कापा, मग पुठ्ठ्यावरून पत्रा. मूळ फ्लोअरला उभ्या खोबणी दाबलेल्या असतात. त्या शोभेच्या नाहीत, त्यांनी पत्रा ताठ राहतो. सपाट पत्रा टाकलात तर गाडी पन्नासच्या पुढे गेली की पायाखाली ताशा वाजतो. ज्याच्याकडे खोबणी पाडायचं यंत्र नाही त्याने लाकडात खाच करून तीत गोल सळईने ठोकून काढावी, हळूहळू येते. मुंबईला गेलात तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कधी कापलेलं मूळ फ्लोअर मिळायचं. काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या तोवर माल मुबलक होता. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षं भरून बाद झाली, तसा तो झरा आटलाय. शिवाय टॅक्सीचं फ्लोअर म्हणजे आधीच चार थिगळं. मी तर नवा पत्रा वळवणंच पसंत करतो.

वेल्डिंग मिगचं, म्हणजे यंत्रातून आपोआप तार येते ते, तार ०.८ मिलिमीटरची. एक टाका इथे, दुसरा फूटभर लांब, तिसरा मध्ये. जोडावर हात ठेवता आला की पुढचा. सलग शिवण ओढली की पत्रा उष्णतेने लाटांसारखा फुगतो. गॅस वेल्डिंगवर माझा राग नाही. जुन्या लोकांचा हात असा होता की गॅसने केलेला जोड नखाला लागत नसे. पण तो हात आता दुर्मिळ. ज्याच्याकडे फक्त काडीचं इलेक्ट्रिक वेल्डिंग आहे त्याला मात्र नम्रपणे नमस्कार करा. एवढ्या पातळ पत्र्यावर काडी म्हणजे चाळण. सीटचे बोल्ट जिथे येतात तिथे खालून तळहाताएवढी जाड पट्टी द्यायला सांगा. नुसत्या थिगळावर कसलेली सीट ठोकर बसल्यावर थिगळासकट उपटून येते.

आता रंग. जो जुना पत्रा राहिलाय त्यावरचा सुटा गंज वायर-ब्रशच्या वाटीने घासा. खाचांत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा. लोखंडाचा गंज त्याने काळपट, घट्ट फॉस्फेटमध्ये बदलतो. पण लोक इथेच चुकतात: डब्यावर लिहिलं असेल तसं ते पुसा, धुवा, पूर्ण सुकवा. आम्लाचा चिकट अंश राहिला आणि त्यावर इपॉक्सी मारलं तर ते सहा महिन्यांत पापडासारखं सुटतं. पहिला थर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, वेल्डिंग संपलं त्याच दिवशी. साधा रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण तो पाणी अडवत नाही, पितो. त्यावर लगेच रंग चढला नाही तर उपयोग शून्य. मग सगळ्या जोडांवर, आतून आणि खालून दोन्हीकडून, ब्रशने सीम सीलर, म्हणजे जोडाची फट बुजवणारा लेप. पुट्टी फ्लोअरवर अजिबात नाही. एम-सील, फायबर, काही नाही.

खालून रबराइज्ड अंडरकोट चालेल, पातळ. डांबर नको, ते थंडीत तडकतं आणि तड्यातून गेलेलं पाणी मागे अडकतं. जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत आहे, ते रबराचे बुश खातं आणि पुढच्या वेळी वेल्डिंग करणाऱ्याला पेटवतं. सिलच्या आत मात्र मेण हवं. कॅव्हिटी वॅक्स म्हणून स्प्रे मिळतो, त्याला लांब नळी असते; प्रत्येक भोकातून आत घालून ओढत ओढत मारायचं, खालच्या भोकांतून ठिपकायला लागेपर्यंत. ठिपकलं की भोकं पुन्हा मोकळी करायची. हे सगळ्यात शेवटी, वेल्डिंग पूर्ण संपल्यावर, नाहीतर आतलं मेण पेटेल.

आतल्या कामात मी थोडक्यात सांगतो, कारण सीटवाला तुम्हाला चिपळुणातही चांगला मिळेल. पुरात भिजलेला काथ्या आणि फोम ठेवू नका, कितीही उन्हात टाका, पहिल्या पावसात वास येणारच. स्प्रिंगच्या चौकटी घासून त्याच प्रायमरने रंगवा, त्या पुन्हा वापरण्यासारख्या असतात. वर चाळीस घनतेचा फोम, रेक्झीन, मूळ आडव्या पट्ट्यांची शिलाई. जुनं कव्हर फेकू नका, तोच कापायचा नमुना. छताचं कापड तारांच्या कमानींवर ताणलेलं असतं. कमानी पुढून मागे कुठल्या क्रमाने होत्या त्यावर नंबर घाला, प्रत्येकीची लांबी वेगळी असते. दाराच्या पॅनेलांचा हार्डबोर्ड फुगून फुटला असेल, त्याऐवजी तीन मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय कापून घ्या आणि मागूनही रंगवा.

सीटवाल्यावर नजर मात्र ठेवा. काम उत्तम करतात आणि शेवटी अल्युमिनियमची पट्टी बसवायला सिलमध्ये टकाटक आठ स्क्रू मारतात. तुम्ही पंधरा दिवस मेहनतीने बंद केलेल्या पत्र्याला आठ नवी भोकं. जुन्याच भोकांत मारायला सांगा, आणि प्रत्येक स्क्रू मेणात बुडवून.

फ्लोअरवर नमदा परत टाकू नका. पाणी न पिणारा, बंद पेशींचा काळा फोम मिळतो, एसीच्या पाइपवर गुंडाळतात तसला. तो कापून नुसता ठेवा, चिकटवू नका. त्यावर रबरी मॅट, तीही सुटी. गालिचा हवाच असेल तर वर्षातले आठ महिने घाला, जूनला काढून माळ्यावर.

पहिल्या मोठ्या पावसात गाडी मुद्दाम उघड्यावर ठेवा. आदल्या रात्री चारही मॅटांखाली वर्तमानपत्राचं एकेक पान पसरा. सकाळी मॅट उचलून बघा, पान कुठल्या कोपऱ्यातून ओलं झालंय. कोरडं निघालं तर पुढच्या पावसातही एकदा करा. ओलं असेल तर त्या कोपऱ्याचा फोटो पाठवा, पाणी कुठून येतंय ते त्यावरून सांगता येईल.